वनस्पतीतल्या रसायनाने कर्करोगाचं एन्झाइम ‘रोखलं’ म्हणजे नेमकं काय झालं?

हरितलवक

नातेवाइकांच्या ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी ही बातमी येतेच : अमुक झाडाच्या सालीतल्या रसायनाने कर्करोगाच्या पेशीतलं तमुक एन्झाइम (पेशीतली रासायनिक कामं घडवून आणणारं प्रोटीन) रोखलं. खाली जोडलेल्या हातांची रांग लागते आणि मग कुणीतरी विचारतं, “हे मिळतं कुठे?” वनस्पतींतली रसायनं वेगळी करून तपासणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे तो प्रश्न फिरून फिरून माझ्याकडे येतो. दोन ओळींच्या उत्तराने विचारणाऱ्याचं समाधान होत नाही आणि माझंही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

या बातम्यांमागचा विचार खोटा नाही, हे आधी सांगते. आज रुग्णांना दिली जाणारी काही औषधं खरोखरच झाडांतून आली आहेत आणि ती एन्झाइमवरच काम करतात. त्यातल्या एकाची गोष्ट.

१९६६ साली मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी कॅम्प्टोथेका अक्युमिनाटा या चिनी झाडापासून कॅम्प्टोथेसिन वेगळं केलं. उंदरांच्या ल्युकेमियावर, म्हणजे रक्ताच्या कर्करोगावर, ते छान चाललं, पण पाण्यात काही केल्या विरघळेना. मग रेणूतलं लॅक्टोनचं कडं उघडून त्याचा सोडियम क्षार बनवला आणि तो रुग्णांना दिला. इथेच घात झाला. कडं उघडलं की रेणूची ताकद जवळजवळ संपते, आणि मूत्राशयात आम्लता मिळाली की तेच कडं पुन्हा मिटतं. म्हणजे गाठीपाशी औषध निकामी आणि मूत्राशयाला मात्र पुरता मारा. रुग्णांना लघवीतून रक्त जाण्याइतका त्रास झाला आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चाचण्या थांबल्या.

ते नेमकं कशावर काम करतं हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. ते कळलं १९८५मध्ये : टोपोआयसोमरेज १ नावाचं एन्झाइम. दोन पदरांची सुतळी मधूनच धरून पदर वेगळे करायला गेलात तर पुढे पीळ घट्ट घट्ट होत जातो. डीएनएची नक्कल होताना हेच होतं. टोपोआयसोमरेज १ एक पदर कापतं, कापलेलं टोक स्वतःच्या साखळीतल्या ७२३व्या जागेवरच्या टायरोसिन या अमिनो आम्लाने धरून ठेवतं, पीळ सैल होऊ देतं आणि मग टोक परत सांधतं. कॅम्प्टोथेसिन त्या कापलेल्या फटीत जाऊन बसतं, आणि मग सांधता येत नाही. मागून नक्कल करणारी यंत्रणा येते, तिथे आदळते आणि दोन्ही पदर तुटतात. पेशी मरते ती यामुळे.

नुसत्या डीएनएला किंवा नुसत्या एन्झाइमला कॅम्प्टोथेसिन फारसं चिकटतच नाही. दोघं एकमेकांत गुंतलेले असतानाच त्याला बसायला जागा तयार होते. म्हणून ते एन्झाइम बंद पाडतं असं म्हणणं पुरेसं नाही, ते एन्झाइमला नको त्या क्षणी अडकवून ठेवतं. ज्या यीस्टमध्ये हे एन्झाइमच नाही, त्याला कॅम्प्टोथेसिनने काही होत नाही! एन्झाइम नसणं परवडतं, अडकलेलं एन्झाइम परवडत नाही.

मग ते झाड स्वतः कसं जगतं? हे वाचलं तेव्हा मी हातातलं काम बाजूला ठेवलं होतं. कॅम्प्टोथेकाच्या स्वतःच्या टोपोआयसोमरेजमध्ये ७२२व्या जागी अस्पॅराजिन या अमिनो आम्लाऐवजी सेरीन आहे, आणि त्या एका बदलाने विष त्याला बाधत नाही. माणसाच्या ल्युकेमियाच्या, कॅम्प्टोथेसिनला दाद न देणाऱ्या पेशींत संशोधकांना नेमका हाच बदल आधी सापडला होता. झाड आणि गाठ, दोघांनी सुटकेची एकच वाट शोधली.

टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही त्याची सुधारलेली रूपं अमेरिकेत मंजूर झाली १९९६मध्ये. शोधापासून तीस वर्षं. ग्रुपवरची बातमी असते ती या तीस वर्षांच्या पहिल्या महिन्यातली.

इथे प्रयोगशाळेत, दवाखान्यात, रानात काम करणारे बरेच जण आहेत. अशी बातमी समोर आली की तुम्ही आधी काय तपासता?

पाऊलवाट

ताई, फार मोलाचं लिहिलंत. मी औषधनिर्माणशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि माझा प्रकल्प योगायोगाने याच एन्झाइमवर आहे. चाळीस फ्लेव्होनॉइड (वनस्पतींतल्या रसायनांचा एक गट) घेऊन टोपोआयसोमरेज १ वर डॉकिंग केलं, म्हणजे रेणू प्रोटीनवर कसा आणि किती घट्ट बसेल याचा संगणकावर अंदाज घेतला. स्कोअर जितका उणे तितकी पकड चांगली. सगळ्यात चांगल्याचा स्कोअर −९.४ आला, कॅम्प्टोथेसिनचा −८.६. म्हणजे माझं संयुग कॅम्प्टोथेसिनपेक्षा सरस, असं लिहावं का? गाइड हो म्हणतात. पण तुमचं वाचल्यापासून मनात शंका आली आहे.

हरितलवक

पाऊलवाट, शंका आली हे फार बरं झालं. एक विचारते : प्रोटीनची फाइल तयार करताना पाण्याचे रेणू काढलेत, तसा डीएनएही काढून टाकलात का?

पाऊलवाट

हो. ट्युटोरियलमध्ये प्रोटीन सोडून बाकी सगळं काढायला सांगितलं होतं.

हरितलवक

मग ती जागाच उरली नाही हो. वर लिहिलं तसं, कॅम्प्टोथेसिन बसतं ते कापलेल्या डीएनएच्या दोन बेसजोड्यांच्या मधल्या फटीत. डीएनए काढला की तुमच्या चाळीस संयुगांना मिळाला तो प्रोटीनच्या पृष्ठभागावरचा कुठलातरी खड्डा. त्यातला स्कोअर कितीही चांगला आला तरी तो या औषधाच्या कामाबद्दल काही सांगत नाही. डीएनएसकट रचना घ्या, तिच्यात आधीपासून असलेलं टोपोटेकॅन बाहेर काढून परत डॉक करा आणि ते मूळ जागेच्या २ अँगस्ट्रॉमच्या (साधारण एक-दोन अणूंएवढ्या अंतराच्या) आत येऊन बसतं का ते बघा. तेच जमलं नाही तर पुढचं करण्यात अर्थ नाही.

आणि −९.४ विरुद्ध −८.६ बद्दल. खऱ्या बंध-ऊर्जेत साधारण १.४ किलोकॅलरीचा फरक पडला की पकड दहापट बदलते. पण डॉकिंगच्या स्कोअरमधली चूकच २-३ किलोकॅलरीची असू शकते. ०.८चा फरक त्या चुकीत बुडून जातो. डॉकिंगचा उपयोग हजारातून पन्नास निवडायला आहे. पन्नासातला पहिला कोण हे ठरवायला ते नाही.

काचपट्टी

मी पेशींवर काम करतो, तेव्हा त्या बाजूचं सांगतो. पहिल्या वर्षी माझ्या हातून झालेली चूक आहे, इतरांच्या हातून होऊ नये म्हणून लिहितोय.

पेशी जिवंत आहेत का हे पाहायला एमटीटी चाचणी करतात. पिवळं द्रावण घालायचं, जिवंत पेशी त्याचं जांभळं फॉर्मझान करतात, जांभळा रंग जितका गडद तितक्या पेशी जिवंत. एका पानाचा अर्क घातला आणि डोस वाढवत नेला, तर रंग आधी फिका झाला आणि सगळ्यात जास्त डोसला परत गडद! मी तीन आठवडे त्याचं जैविक स्पष्टीकरण शोधत होतो. शेवटी प्रयोगशाळेतल्या एका ज्येष्ठ बाईंनी विचारलं, “पेशी न घालता नुसता अर्क आणि एमटीटी ठेवून पाहिलंस?” पाहिलं. ९६ खणांच्या प्लेटमध्ये एकाही खणात पेशी नव्हती, आणि तरी अर्ध्या तासात शेवटचे खण वांग्याच्या सालीसारखे जांभळे झाले. अर्कातली पॉलिफेनॉल ही रसायनं स्वतःच एमटीटीला क्षपित करून जांभळं करतात. पेशींचा त्यात काही संबंध नव्हता.

याची उलट बाजूही आहे. ग्रीन टीमधल्या ईजीसीजीसारखे पॉलिफेनॉल पेशींच्या माध्यमात आपोआप ऑक्सिडाइज होतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. पेशी मरतात त्या पेरॉक्साइडने, आणि पेपरात छापलं जातं की संयुगाने एन्झाइम रोखून पेशी मारल्या. पेरॉक्साइड मोडून टाकणारं कॅटॅलेज हे एन्झाइम थोडं घालून बघायचं. मरण थांबलं तर श्रेय पेरॉक्साइडचं.

तिसरी गोष्ट, निरोगी पेशी. सोबत निरोगी पेशींवर तेच संयुग घातलेलं नसेल तर मी पेपर पुढे वाचत नाही. ब्लीचनेही प्लेटमधल्या कर्करोगाच्या पेशी मरतात.

मृद्गंध

मी विज्ञानाची विद्यार्थिनी नाही, वाचक आहे. सदाफुलीपासून कर्करोगाचं औषध निघतं असं शाळेत शिकलो होतो. तेही एन्झाइमच रोखतं का?

काचपट्टी

नाही, आणि हा घोळ शिकलेल्या लोकांचाही होतो. सदाफुलीतली व्हिनक्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन, तसंच यू झाडाचं टॅक्सॉल, ही ट्युब्युलिनवर काम करतात. ट्युब्युलिन हे पेशी दुभंगताना गुणसूत्रं ओढून नेणाऱ्या धाग्यांचं प्रोटीन आहे. व्हिनक्रिस्टिन ते धागे बनू देत नाही, टॅक्सॉल ते मोडू देत नाही. दोन्हींत पेशी अर्ध्यात अडकते.

या दोन्ही गटांत पाय असलेलं एक सुंदर उदाहरण आहे. पोडोफायलम या वनस्पतीतलं पोडोफायलोटॉक्सिन ट्युब्युलिनला चिकटतं. त्याच्यावर साखर चढवून आणि थोडे बदल करून जे इटोपोसाइड तयार झालं, त्याने ट्युब्युलिनला जवळपास सोडूनच दिलं आणि टोपोआयसोमरेज २ धरलं, जे डीएनएचे दोन्ही पदर कापून सांधतं. सांगाडा तोच, पण काम पार बदललं. इटोपोसाइड १९८३मध्ये अमेरिकेत मंजूर झालं आणि आजही वापरात आहे. त्याचा एक तोटाही लपवून ठेवण्यासारखा नाही : डीएनए तोडणाऱ्या या औषधामुळे काही रुग्णांना पुढे वेगळाच ल्युकेमिया होतो.

उंबरठा

सगळं वाचते आहे. कळलं तेवढं कळलं. पण माझा प्रश्न घरातला आहे. आईला आतड्याच्या कर्करोगासाठी इरिनोटेकॅन चालू आहे. एका हितचिंतकांनी वनस्पतींच्या अर्काच्या कॅप्सूल पाठवल्यात. “तुमचं औषधही झाडाचंच, हेही झाडाचंच, एकमेकांना मदतच करतील,” असं ते म्हणाले. आई आठ दिवस घेते आहे. डॉक्टर रागावतील म्हणून त्यांना सांगितलेलं नाही. काही बिघडतं का?

मात्रा

उंबरठा, मी कर्करोग विभागात औषधं तयार करून देते. आधी एक करा : आजच डॉक्टरांना फोन करून कॅप्सूलच्या पाकिटावरचा सगळा मजकूर वाचून दाखवा आणि ते सांगेपर्यंत कॅप्सूल थांबवा. रागावले तर रागावू देत. आम्हाला रोज कुणीतरी हे सांगतं, आणि न सांगणाऱ्यांचीच आम्हाला जास्त काळजी वाटते.

आता कारण सांगते. इरिनोटेकॅन शरीरात गेल्यावर त्याचं एसएन-३८ होतं, आणि खरं काम ते करतं. यकृतातलं यूजीटी१ए१ हे एन्झाइम एसएन-३८ ला निकामी करून पित्तावाटे आतड्यात सोडतं. तिथले जीवाणू त्याला परत सक्रिय करतात, त्यातून या औषधाचे ते भयंकर जुलाब होतात. काही लोकांत यूजीटी१ए१ जन्मतःच मंद असतं, त्यांना नेहमीचा डोसही जड जातो. म्हणजे गाठ मारणारी पातळी आणि माणसाला आडवं करणारी पातळी यांत अंतर थोडंच आहे, आणि ते अंतर सांभाळतात आपलीच एन्झाइमं. अर्कातल्या रसायनाने त्यांतलं एखादं रोखलं किंवा वाढवलं की हिशेब कोलमडतो.

सेंट जॉन्स वॉर्ट नावाची वनस्पती लोक मन प्रसन्न राहावं म्हणून घेतात. ती इरिनोटेकॅनबरोबर दिली तेव्हा रक्तातलं एसएन-३८ ४२ टक्क्यांनी घटलं, असं २००२मध्ये रुग्णांवरच मोजलं गेलं. जवळपास अर्धी केमोथेरपी वाया. रुग्णाला ते जाणवतही नाही, उलट त्रास कमी झाला म्हणून बरंच वाटतं.

दुसरं उदाहरण मायलोमा या रक्तपेशींच्या कर्करोगाचं. बॉर्टेझोमिब हे प्रोटिएसोम नावाचं एन्झाइम रोखणारं औषध. ईजीसीजी स्वतः कर्करोगविरोधी म्हणून गाजलेलं, पण ते बॉर्टेझोमिबच्या बोरॉनलाच जाऊन चिकटतं आणि औषध निकामी करतं. पेशींवर आणि उंदरांत हे दिसलं आहे. दोन चांगल्या गोष्टी एकत्र केल्या की दुप्पट चांगलं होतं, हा हिशेब इथे चालत नाही.

आईंना जुलाब, ताप किंवा खूप थकवा असेल तर फोनवर तेही आवर्जून सांगा.

उंबरठा

आत्ताच लावते फोन.

अव्यक्त

थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नये. तुम्ही सगळे एकेक रेणू वेगळा काढून बोलता. वनस्पतीत शेकडो रसायनं एकत्र असतात, त्यांचा मिळून परिणाम होतो. एकटा रेणू चाचणीत नापास झाला म्हणून वनस्पती नापास ठरत नाही. शिवाय हळदीतल्या कर्क्युमिनवर हजारो पेपर आहेत, ते सगळे चुकीचे?

हरितलवक

राग कसला, प्रश्न रास्त आहे. अनेक रसायनांचा मिळून परिणाम होऊ शकतो, हे मला मान्य आहे. पण तो होतो की नाही हे तपासायचं तर अर्कात काय किती आहे ते दरवेळी सारखं असायला हवं. एकाच झाडाच्या पानात, सालीत, मुळात आणि वेगवेगळ्या ऋतूंत रसायनांचं प्रमाण कितीतरी बदलतं. मी स्वतः एकाच जागची दोन महिन्यांच्या अंतराने गोळा केलेली पानं एचपीएलसीवर (मिश्रणातली रसायनं वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावर) लावली आहेत. मला हव्या असलेल्या रसायनाची शिखररेषा पहिल्या वेळी कागदाच्या वर जात होती, दुसऱ्या वेळी पायथ्याच्या रेघेतून शोधून काढावी लागली. नाव तेच, पण औषध म्हणून या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

कर्क्युमिनचं. पेपर खोटे आहेत असं मी म्हणणार नाही, पण तो रेणू चाचण्यांना फसवतो. तो स्वतः चमकतो, त्यामुळे प्रकाश मोजणाऱ्या चाचणीत गोंधळ होतो. धातूंना धरतो. प्रोटीनशी अभिक्रिया करतो. शरीराच्या पीएचला लवकर विघटतो. म्हणून ज्या एन्झाइमवर टाकाल ते “रोखलेलं” दिसतं. अशा फसव्या रेणूंची ओळख पटवणारी यादी २०१०मध्ये औषधरसायनशास्त्रज्ञांनी मांडली, आणि २०१७च्या एका मोठ्या आढाव्यात कर्क्युमिनच्या १२०हून अधिक मानवी चाचण्यांपैकी एकही दुहेरी-अंध (कुणाला काय दिलं हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही माहीत नसलेली), प्लासिबोशी म्हणजे औषध नसलेल्या गोळीशी तुलना केलेली चाचणी यशस्वी ठरलेली नाही, असं स्पष्ट लिहिलं गेलं. दिवसाला ८ ग्रॅम दिलं तरी रक्तात त्याची पातळी २ मायक्रोमोलरच्या आसपास अडखळते. प्लेटमध्ये मात्र २०-५० मायक्रोमोलर सर्रास वापरलं जातं. जी पातळी शरीरात कधी गाठताच येत नाही, त्या पातळीवरचा निकाल रुग्णाच्या काय कामाचा?

आणि “नैसर्गिक म्हणजे निदान अपाय तरी नाही” हेही खरं नाही. एका युफोर्बियाच्या चिकातलं इंजेनॉल मेब्युटेट त्वचेवरच्या कर्करोगपूर्व चट्ट्यांसाठी २०१२मध्ये मंजूर झालं. ते एन्झाइम रोखत नाही, प्रोटीन कायनेज सी हे एन्झाइम चेतवतं. पुढे ते लावलेल्या जागी त्वचेचा कर्करोग जास्त दिसू लागला आणि २०२०मध्ये युरोपात ते मागे घेतलं गेलं.

रानवाट

या सगळ्यात झाडाचं काय होतं तेही लिहितो. कॅम्प्टोथेसिन फक्त चिनी झाडात नाही. सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडातही ते आहे, आणि हे कळल्यावर नरक्या मुळासकट तोडला गेला. फांदी छाटून भागत नाही, लाकूड आणि मुळं लागतात. मी जिथे पूर्वी मोठी झाडं पाहिली होती तिथे आता बोटाएवढे फुटवे आहेत. पॅसिफिक यूचंही तेच झालं होतं : टॅक्सॉल सालीत, साल काढली की झाड मेलं. तिथे सुटका झाली ती रसायनशास्त्राने. युरोपीय यूच्या पानांत टॅक्सॉलचा अर्धवट तयार सांगाडा सापडला. पानं खुडली तर परत येतात, उरलेलं काम प्रयोगशाळेत करता येतं. म्हणून “अर्क काढून थेट द्या” म्हणणाऱ्यांना माझं सांगणं असतं : रेणू ओळखला तर झाड वाचण्याची शक्यता तरी असते.

काचपट्टी

रानवाट, हे फार आतून लिहिलंत.

अव्यक्त यांच्या मुद्द्यावरून रोहितुकिन आठवलं. डायसॉक्झायलम बायनेक्टॅरिफेरम या झाडातला हा रेणू. त्याच्यावरून फ्लॅव्होपिरिडॉल बनलं, पेशीचक्र चालवणाऱ्या सीडीके एन्झाइमांना रोखणारं आणि माणसांवर तपासलं गेलेलं त्या गटातलं पहिलं. प्लेटमध्ये निकाल उत्तम. पण प्लेटमध्ये वासराचं सीरम असतं, आणि माणसाच्या रक्तातल्या प्रोटीनला हे औषध कितीतरी घट्ट चिकटून बसलं. मोकळं औषध उरलंच नाही, आणि सुरुवातीच्या चाचण्या फसल्या. पुढे रक्तातली पातळी मोजून डोस देण्याची पद्धतच बदलली : आधी अर्ध्या तासात एक भाग, मग चार तासांत उरलेला. तेव्हा इतर औषधांना दाद न देणाऱ्या क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियात गाठी इतक्या वेगाने वितळल्या, की त्या वितळण्याचाच रुग्णांना धोका होऊ लागला. बाजारात ते अजून आलेलं नाही. सीरम कुठलं, इतक्या साध्या गोष्टीवर वर्षं जातात.

पाऊलवाट

चार दिवसांनी परत आलो. डीएनएसकट रचना घेतली. टोपोटेकॅन मूळ जागी १.१ अँगस्ट्रॉमवर बसलं. माझं पहिल्या नंबरचं संयुग सतराव्या नंबरवर गेलं, आणि आधी तळाशी असलेली दोन वर आली. गाइडना दोन्ही तक्ते दाखवले. थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, दोन्ही छापू, कारणासकट. त्या दोन संयुगांवर प्रत्यक्ष चाचणी करायला परवानगी मिळाली आहे. काय काय सोबत ठेवू?

हरितलवक

वा, पाऊलवाट! गाइडनाही माझा नमस्कार सांगा.

पीळदार प्लाझ्मिड (जीवाणूतला छोटा गोल डीएनए) घ्या, एन्झाइम घाला, जेलवर चालवा. पीळ असलेला डीएनए पुढे धावतो, सैल झालेला मागे राहतो. एका खणात एन्झाइम नको, एकात एन्झाइम पण संयुग नको, एकात कॅम्प्टोथेसिन. आणि एका खणात संयुग आणि प्लाझ्मिड, एन्झाइमशिवाय, कारण चपटे फ्लेव्होनॉइड डीएनएच्या बेसमध्ये स्वतःच घुसून पीळ बदलतात आणि एन्झाइम रोखल्याचा भास होतो. संपूर्ण संच ०.०१ टक्के ट्रायटन हे डिटर्जंट घालून पुन्हा करा. क्वेर्सेटिनसारखी संयुगं पाण्यात गोळे करतात आणि एन्झाइम त्या गोळ्यांना चिकटून बसतं. डिटर्जंटने गोळे फुटतात. ट्रायटन घातल्यावर परिणाम नाहीसा झाला तर तो संयुगाचा नव्हता. डीएनए दिसण्यासाठी वापरतात तो एथिडियम रंग जेलमध्ये घालू नका, जेल संपल्यावर रंगवा.

उंबरठा

सांगायचं राहिलं होतं. डॉक्टर रागावले नाहीत. पाकिटाचा फोटो मागवला, कॅप्सूल बंद करायला सांगितल्या आणि पुढच्या डोसआधी रक्ततपासणी लावली आहे. मात्रा, तुम्ही म्हणालात ते जुलाबाचंही विचारलं. आईला दोन दिवस होत होते, तिने मला सांगितलंच नव्हतं. आता औषध लिहून दिलंय.

मात्रा

बरं केलंत. रक्ताचा निकाल आला की इथे कळवा.